फायरवॉल टाकली आणि नेट गेले

संरक्षणासाठी फायरवॉल टाकायची आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर नेटच गायब व्हायचे, हा विंडोजवरचा जुना बिघाड आहे. वाशिम जिल्हा जवळजवळ त्याच्याच वयाचा. अकोल्यातून वेगळा होऊन हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला, तेव्हा विंडोज ९८ बाजारात येऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. पुढच्या दहा वर्षांत कचेऱ्या, डीटीपीची दुकाने, सायबर कॅफे आणि एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोचली, ती विंडोजच्याच जोरावर. ‘नेट चालत नाही’ ही तक्रारही त्यांच्याच मागोमाग आली.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट लोकांसाठी खुले केले, पण ते मोठ्या शहरांपुरते. लहान गावांना ते मिळाले टेलिफोनच्या तारेवरून. १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएल स्थापन झाले, त्याच्या संचारनेटचे खाते घ्यायचे, १७२२३३ हा क्रमांक लावायचा आणि मोडेमची किरकिर थांबण्याची वाट पाहायची. त्याच वेळी कोणाचा फोन आला तर त्याला लाइन व्यग्र मिळे. जानेवारी २००५मध्ये डेटावन ब्रॉडबँड सुरू झाले आणि टप्प्याटप्प्याने लहान गावांतल्या एक्स्चेंजांपर्यंत गेले. डायल-अपमध्ये, आणि ब्रॉडबँडचा मोडेम ब्रिज पद्धतीने लावला असेल तेव्हाही, इंटरनेटचा सार्वजनिक पत्ता थेट संगणकालाच मिळत असे. मध्ये आडोसा काहीच नाही. ऑगस्ट २००३मध्ये ब्लास्टर हा किडा पसरला तेव्हा याचा अर्थ सर्वांना कळला. काहीही न उघडता, नुसते नेट जोडले की काही वेळात पडद्यावर एक खिडकी येई आणि साठ सेकंदांची उलटी मोजणी करून संगणक बंद होई. विंडोज एक्सपीमध्ये २००१पासूनच एक साधी फायरवॉल होती, पण ती मुळात बंद ठेवलेली. ऑगस्ट २००४च्या सर्व्हिस पॅक २ने ती आपोआप चालू केली. तोवर अनेकांनी झोनअलार्मसारखी फुकट मिळणारी फायरवॉल टाकून घेतली होती.

बिघाडाचे मूळ फायरवॉल बसते त्या जागेत आहे. वर्डसारखा प्रोग्रॅम मोडला तर वर्ड बंद पडते, बाकीचे चालते. फायरवॉलला मात्र येणारे-जाणारे प्रत्येक पाकीट अडवून पाहायचे असते, म्हणून तिचा ड्रायव्हर लॅन कार्ड आणि विंडोज यांच्या मधल्या वाटेवरच बसवावा लागतो. झोनअलार्मची ‘व्हीएसडाटान्ट’ ही फाइल अशीच विंडोजच्या गाभ्यात बसे, आणि काय सोडायचे व काय नाही हे तिला वरची एक सेवा सांगे. संगणक सुरू होताना क्षणभरही दार उघडे राहू नये म्हणून काही फायरवॉलचे ड्रायव्हर वरून हुकूम येईपर्यंत सगळेच अडवून धरत. सेवा सुरूच झाली नाही तर अवस्था जकात नाक्यासारखी: कारकून घरी गेला, अडसर मात्र रस्त्यावर आडवा.

दुसरी जागा आणखी नाजूक होती. ब्राउझर, मेल यांसारखे प्रोग्रॅम नेटशी बोलतात ते विन्सॉक या घटकामार्फत. त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने इतर कंपन्यांना आपापला थर मध्ये घालण्याची मुभा दिली. हे थर एकामागून एक ओवलेले असत आणि त्यांची यादी रजिस्ट्रीत असे. काही अँटिव्हायरस आणि फायरवॉल यांनी ही सोय वापरली, तशीच न्यूडॉटनेटसारख्या आगंतुक जाहिराती प्रोग्रॅमांनीही. यादीतली नोंद तशीच ठेवून कोणी नुसती फाइल पुसली की साखळी तुटे आणि सगळे नेट बंद. म्हणजे घाण साफ केल्याबद्दलच शिक्षा. पडद्यावर येणारा संदेशही विचित्र असे: जी वस्तू सॉकेटच नाही तिच्यावर सॉकेटची क्रिया करू पाहिली, अशा आशयाचा. तो वाचून दुकानदाराला काही समजावे अशी अपेक्षा कोणी केली होती, हे कोडेच आहे.

या काळात दुरुस्ती करणाऱ्यांची खरी अडचण ज्ञानाची कमी आणि साधनांची जास्त होती. उपाय नेटवर होता आणि नेटच गेलेले होते. तुटलेली साखळी जोडणारे एलएसपी-फिक्स हे छोटे साधन फ्लॉपीत मावेल एवढेच, पण ते आधी दुसऱ्या चालू संगणकावर उतरवून आणावे लागे. म्हणून अशी साधने, लॅन कार्डांचे ड्रायव्हर आणि कंपन्यांची सफाईची साधने सीडीत, पुढे पेनड्राइव्हमध्ये, जमवून ठेवणे हा या धंद्याचा भागच झाला. सर्व्हिस पॅक २नंतर ‘नेटएसएच विन्सॉक रीसेट’ ही एका ओळीची आज्ञा विंडोजमध्येच आली आणि जे काम रजिस्ट्रीतल्या दोन नोंदी पुसून व टीसीपी-आयपी पुन्हा बसवून करावे लागे, ते एका रीस्टार्टवर आले.

तरीही लहान गावांत या बिघाडावर चालणारा उपाय बहुधा ‘फॉरमॅट मारणे’ हाच होता. त्यात गैर काही नव्हते असे म्हणता येत नाही. फॉरमॅटमुळे नेट परत येई, पण सी ड्राइव्हवर ठेवलेला टॅलीचा डेटा, लग्नपत्रिकांच्या फाइली आणि मराठी टंकांचे संच जात. वास्तविक अर्ध्या तासाच्या तपासात दोष कुठे आहे ते उमगण्यासारखे होते. सेफ मोडमध्ये, नेटवर्किंगसह, संगणक सुरू करून पाहायचा. तिथे नेट चालले तर तार, मोडेम आणि लॅन कार्ड निर्दोष, कारण बाहेरून आलेले बहुतेक ड्रायव्हर त्या अवस्थेत चढत नाहीत. मग आयपी पत्ता पाहायचा. तो १६९.२५४ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तार ठीक असेल तर पत्त्याची मागणी वाटेतच अडली आहे. पत्ता बरोबर आहे, पिंग लागतो, पण ब्राउझर काही उघडत नाही, अशी खूण दिसली तर संशय विन्सॉकच्या साखळीवर किंवा नावांवरून पत्ते शोधणाऱ्या डीएनएसवर. फायरवॉल आधीच काढून टाकली असूनही नेट नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवायला सांगायची. काढलेल्या फायरवॉलचा ड्रायव्हर तिथे पिवळे उद्गारचिन्ह लावून बसलेला सापडे. एका यंत्रावर दोन फायरवॉल असल्या तर दोघींपैकी दोषी कोण हे शोधण्यात अर्थ नसे, एक काढणेच बरे.

काही वेळा फायरवॉल जुनीच असे आणि तिच्याखालची जमीन हले. ८ जुलै २००८ची घटना या प्रकारातली सर्वांत गाजलेली. डॅन कामिन्स्की या संशोधकाला डीएनएसमध्ये एक मूलभूत उणीव सापडली होती. मायक्रोसॉफ्ट, सिस्को आणि इतर अनेकांनी महिनोन् महिने गुप्तता पाळून एकाच दिवशी उपाय प्रसिद्ध केले. विंडोजच्या सुधारणेने डीएनएसच्या विचारणा ठरावीक पोर्टऐवजी यादृच्छिक पोर्टमधून पाठवायला सुरुवात केली. झोनअलार्मला ही चाल अनोळखी, तिने ती अडवली, आणि जगभरच्या तिच्या वापरकर्त्यांचे नेट सुधारणा चढताच बंद पडले. दोन्ही बाजू आपापल्या परीने बरोबर वागल्या होत्या. सुधारणा काढून टाकली की नेट परत येई, पण ज्या भगदाडासाठी एवढा खटाटोप झाला ते पुन्हा उघडे पडे. फायरवॉलची इंटरनेटसाठीची पातळी ‘हाय’वरून ‘मीडियम’वर आणणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग होता. झोनअलार्म बनवणाऱ्या चेक पॉइंटने लवकरच नवी आवृत्ती काढून प्रश्न मिटवला.

महाराष्ट्रात तोवर क्विक हीलचे नाव घरोघरी झाले होते. या कंपनीची पाळेमुळे दुरुस्तीच्या धंद्यातच आहेत. कैलास काटकर यांचे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे दुकान होते आणि अँटिव्हायरस लिहिला तो त्यांचे बंधू संजय यांनी. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे जुने नाव बदलून २००७मध्ये कंपनी क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली. गावोगावच्या हार्डवेअर विक्रेत्यांमार्फत माल खपवण्याच्या तिच्या पद्धतीमुळे अँटिव्हायरस आणि फायरवॉल एकाच डबीत, एकाच दुकानातून मिळू लागले. सुटी फायरवॉल शोधून टाकण्याची गरज त्यामुळे कमी झाली.

विंडोजची रचनाही बदलली. २००७च्या जानेवारीत बाजारात आलेल्या व्हिस्टाने विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म आणला. आता फायरवॉल बनवणाऱ्याने वाट फोडून आपला ड्रायव्हर घुसवायचा नाही, तर विंडोजने आखून दिलेल्या ठिकाणी आपले नियम मांडायचे. चौसष्ट बिटांच्या आवृत्तीत तर स्वाक्षरी नसलेले ड्रायव्हर गाभ्यात चढूच दिले जाईनात. बिघाड थांबले नाहीत, विरळ झाले. २०१५मध्ये विंडोज १०वर गेलेल्या काही संगणकांचे तारेचे आणि वायफायचे दोन्ही नेट गेले, कारण जुन्या व्हीपीएन प्रोग्रॅमचा ‘डीएनई’ हा गाळणीसारखा ड्रायव्हर मागे राहिला होता. पुढच्या वर्षी, २०१६च्या सुधारणेत, सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क रीसेट’चे बटण आले. सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवणारे हे बटण पूर्वीच्या अर्ध्याअधिक कारागिरीची जागा घेते.

वाशिमसारख्या जिल्ह्यात आता हा दोष वेगळ्या रूपात दिसतो, आणि तोही सेवा केंद्रांवर. २०१७च्या कर्जमाफीचे अर्ज आधारच्या पडताळणीसह ऑनलाइन भरले गेले तेव्हापासून अंगठ्याचे यंत्र हे तिथले मुख्य हत्यार झाले आहे. हे यंत्र ब्राउझरशी ज्या आरडी सर्व्हिसमार्फत बोलते ती त्याच संगणकाच्या आतल्या १२७.०.०.१ या पत्त्यावर, ११,१०० ते ११,१२० यांमधल्या एखाद्या पोर्टवर ऐकत बसते. नवा अँटिव्हायरस टाकल्यावर त्याच्या फायरवॉलने हे पोर्ट अडवले तर नेट झकास चालते, संकेतस्थळ उघडते, यंत्राचा लाल दिवा मात्र लागत नाही आणि शेतकरी काचेवर अंगठा ठेवून उभा राहतो. पहिला संशय यंत्रावर, दुसरा सर्व्हरवर आणि तिसरा शेतकऱ्याच्या झिजलेल्या रेषांवर जातो. फायरवॉल क्षणभर बंद करून अंगठा पुन्हा घेतला की निकाल लागतो. दिवा लागला तर तिला कायमची बंद न ठेवता आरडी सर्व्हिसचा प्रोग्रॅम आणि ते पोर्ट अपवादांच्या यादीत घालायचे, संगणक एकदा रीस्टार्ट करायचा आणि फायरवॉल चालू असतानाच अंगठा परत तपासायचा.