शिस्त : बंदुकीच्या नेमसाधनांचा एक इतिहास

मराठीत आज ‘शिस्त’ म्हटले की शाळा, सैन्य किंवा कार्यालय यांतील नियमबद्ध वर्तन डोळ्यांसमोर येते. परंतु ‘शिस्त धरणे’ किंवा ‘शिस्त लावणे’ या प्रयोगांचा जुना अर्थ नेम धरणे असा आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात हा अर्थ नोंदलेला आढळतो. मूळ फार्शी ‘शस्त’ या शब्दाला अंगठा, तसेच धनुर्धर प्रत्यंचा ओढताना अंगठ्यात घालीत असे ते कडे, असे अर्थ आहेत. म्हणजे नेमबाजीच्या एका छोट्या उपसाधनाचे नाव आधी नेमाला मिळाले आणि मराठीत तेच पुढे माणसाच्या वर्तनापर्यंत पोहोचले. नेम ही साधनाची गोष्ट की साधकाची, हा प्रश्न या अर्थप्रवासातच दडलेला आहे. बंदुकीच्या नेमसाधनांचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाला निरनिराळ्या काळांनी दिलेल्या उत्तरांचा इतिहास होय.

शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रवर्ग स्वतंत्रपणे मांडलेला आहे आणि यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा प्रयत्न तेथे दिसतो. तरीही बंदूक, तोफ, शिस्त हे शब्द मराठीच्या अंगवळणी पडून राहिले. त्यांच्या शेजारी ‘माशी’ हा अस्सल देशी शब्द आला. नळीच्या टोकाशी असलेल्या, नेम धरण्यासाठीच्या बारीक उंचवट्याला माशी म्हणत. तोड्याच्या बंदुकीत मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य ही तीन टोके एका रेषेत आणावी लागत. या बंदुकीचा परिवारही मोठा होता: जळता तोडा, दारूचे शिंग, गोळ्यांची पिशवी, ठासण्याचा गज, आणि काही लांब नळ्यांना टेकण्यासाठी जोडलेले दोन पाय. साधनांच्या सुधारणेची दृष्टीही येथे अपरिचित नव्हती. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’त एका बैलाच्या बळावर एकाच वेळी सोळा नळ्या साफ करणाऱ्या यंत्राचे वर्णन आहे. स्वच्छ व गुळगुळीत नळी ही अचूकतेची पहिली अट होय, याची जाणीव त्यामागे स्पष्ट आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त दारूखान्याची जागा, दारूला वेळोवेळी ऊन देणे यांविषयी दिलेल्या सूचनाही याच जाणिवेच्या आहेत. दमट दारूने उडालेल्या गोळीला कोणतीही माशी वाट दाखवू शकत नाही.

अठराव्या शतकात या व्यवस्थेला तडा गेला. लांब नळीची तोड्याची बंदूक सावकाश भरावी लागे. परंतु तिचा पल्ला व नेम अनेकदा युरोपीय पलटणींच्या चकमकीच्या बंदुकीपेक्षा सरस ठरत असे. तरीही गारदी पलटणी आणि पुढे महादजी शिंदे यांच्या सेवेतील द बॉयन्याचे कंपू यांनी चकमकीची बंदूकच स्वीकारली. कारण त्या युद्धपद्धतीत एका माणसाच्या अचूक नेमापेक्षा शेकडो माणसांचा एकाच हुकमाने होणारा मारा निर्णायक होता. नेम हा व्यक्तीकडून रांगेकडे गेला. ‘शिस्त’ या शब्दाचा अर्थ नेमका याच कारणाने पालटला असे विधान करणे धाडसाचे ठरेल. परंतु शब्दातील दोन अर्थ ज्या दोन युद्धपद्धतींना लागू पडतात, त्या येथे एकमेकींसमोर उभ्या होत्या, एवढे निश्चित म्हणता येते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांमुळे छत्तीसगडचे मैदान, म्हणजे आजचा दुर्ग-भिलाईचा प्रदेशही, याच लष्करी जगाचा भाग झाला होता.

एकोणिसाव्या शतकात नळीच्या आत वळणदार आटे पाडलेली रायफल सार्वत्रिक झाली आणि व्यक्तीचा नेम पुन्हा महत्त्वाचा ठरला. १८५३ च्या एनफिल्ड रायफलीवर शेकडो यार्डांच्या खुणा असलेली, वरखाली सरकणारी मागची पट्टी होती. गोळी सरळ रेषेत जात नाही, ती खाली झुकत जाते. तेव्हा अंतरानुसार नळी किती उचलावी याचे गणित आता धातूवर कोरले गेले. तोड्याच्या बंदुकीचा जाणता बरकंदाज हे गणित अनुभवाने मनात करीत असे.

याच काळातील एक महत्त्वाचा दुवा मुंबई इलाख्याशी जोडलेला आहे. बॉम्बे आर्मीतील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन याने रायफलीवर दुर्बीण बसवण्याच्या कल्पनेचा पाठपुरावा केला. त्याच्या नावाने ओळखली जाणारी दुर्बीण इंग्लंडमधील व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसवली गेली आणि अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांनी ती वापरली. या दुर्बिणीने सोडवलेली अडचण मूलभूत होती. खाच, माशी आणि लक्ष्य ही तीन निरनिराळ्या अंतरांवर असतात. मानवी डोळा एका वेळी त्यांपैकी एकच स्पष्ट पाहू शकतो. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा व नेमाची फुली एकाच प्रतलावर येतात. तारुण्य ओसरलेल्या डोळ्यालाही त्यामुळे नेम साधता येतो.

परंतु या सुधारणांचा लाभ देशी कारागिराला झाला नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यावर बंदी आली आणि वंशपरंपरेने नळ्या घडवणाऱ्या हातांचा ग्राहकच हिरावला गेला. राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव केले. त्या ठरावांकडे सामान्यतः नागरी हक्काचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. तंत्रविद्येच्या खंडित परंपरेचा प्रश्न म्हणूनही त्यांचा विचार व्हावयास हवा. ज्या समाजात साधन वापरण्याची मुभा नाही, त्या समाजात ते साधन सुधारण्याची कल्पना सुचणार कोणाला?

विसाव्या शतकात नेमसाधनांचा प्रश्न प्रामुख्याने काचेचा प्रश्न बनला. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी ब्रिटनला प्रकाशीय काचेची तीव्र टंचाई भासली. कारण अशा काचेसाठी युरोप जर्मनीतील येना येथील कारखान्यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. भारतात मोजणी खात्याच्या उपकरणांसाठी १८३० साली कलकत्त्यात गणितीय उपकरण कार्यालय स्थापन झाले होते. या परंपरेतूनच दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, डेहराडूनचा प्रकाशीय उपकरणांचा आयुध कारखाना आकाराला आला. जमीन मोजणारी दुर्बीण आणि नेम धरणारी दुर्बीण यांचे हे सख्खे नाते लक्षणीय आहे. दोहोंचे काम सूक्ष्म कोन मोजणे हेच असते. एका कोनीय मिनिटाची चूक १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटरची होते. दुर्बिणीच्या फिरकीचा एकेक ‘टक’ असा आवाज या कोनाचाही अंश असतो.

स्वातंत्र्यानंतर ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देश पोलादाच्या बाबतीत स्वतःच्या पायावर उभा राहू पाहत होता. प्रकाशीय काचेसाठी तसाच, परंतु फारसा गाजावाजा न झालेला प्रयत्न कोलकात्याच्या केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्थेत झाला. नळीला पोलाद लागते, नेमाला काच. पहिल्याची स्मारके झाली, दुसरी प्रयोगशाळेच्या अहवालांत राहिली.

या इतिहासाचे शेवटचे वळण मराठी वाचकाला सर्वाधिक जवळचे आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ साली स्थापन झाली, तिच्या प्रवर्तकांत लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर अग्रभागी होते. शस्त्रबंदीने हिरावलेली विद्या खेळाच्या मार्गाने परत आली. आणि या खेळाने, विशेष म्हणजे, ऑलिंपिक रायफल प्रकारांतून दुर्बीण वर्ज्य ठेवली. तेथे मागे बारीक छिद्राची डायॉप्टर चकती आणि पुढे कडे असते. छिद्र लहान असल्याने जवळचे व दूरचे दोन्ही पुरेसे स्पष्ट दिसते, परंतु लक्ष्य मोठे होऊन दिसत नाही. दहा मीटर एअर रायफलीत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो. ताठ कातडी अंगरखा, हातमोजा, पट्टा, बुब्बुळाला ताण न देणारी डोळ्यावरची झापड ही सारी उपसाधने शरीराची थरथर कमी करतात. ती नाहीशी करू शकत नाहीत. अंजली भागवत यांनी २००२ साली म्युनिक येथे मिळवलेले ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हे यश, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे पन्नास मीटर प्रोन प्रकारातील विश्वविजेतेपद आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील पन्नास मीटर तीन स्थिती प्रकारातील कांस्यपदक या मालिकेत पाहिले पाहिजे.

साधने सुधारली म्हणून साधकाचे महत्त्व घटले, असा सरळ निष्कर्ष हा इतिहास काढू देत नाही. खाचेने डोळ्याला, अंकित पट्टीने अंदाजाला आणि दुर्बिणीने दृष्टीला आधार दिला. परंतु प्रत्येक आधाराबरोबर नवी जबाबदारी आली. नळी स्वच्छ ठेवणे, दारू कोरडी ठेवणे, फिरकीचे टक मोजणे, दोन ठोक्यांमधल्या क्षणी श्वास रोखून चाप ओढणे या सर्वांना मराठीत एकच शब्द पुरतो. अंगठ्यातल्या कड्यापासून निघालेली ‘शिस्त’ वर्तनाच्या अर्थाला येऊन पोहोचली, तेव्हा तिने नेम सोडला नव्हता. नेम कोठे असतो, ते तिने अधिक अचूक दाखवले.