दूरची हाक

नवशिका प्रोग्रामर वेब सर्व्हिसला पहिली हाक मारतो ती एका ओळीत. फंक्शनचं नाव, कंसात माहिती, की उत्तर हजर. जणू ते फंक्शन आपल्याच मशीनवर आहे! हा भास मुद्दाम घडवलेला आहे. झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात अँड्र्यू बिरेल आणि ब्रूस नेल्सन यांनी तो प्रत्यक्षात आणला आणि १९८४ साली त्यावर निबंध लिहिला. क्लायंटजवळ ‘स्टब’ नावाचा मध्यस्थ. तोच निरोप बांधतो, पाठवतो, आलेलं उत्तर सोडवतो. १९९८च्या एक्सएमएल-आरपीसीने हीच युक्ती वेबवर आणली.

मात्र १९९४मध्येच सन मायक्रोसिस्टिम्सच्या जिम वॉल्डो आणि सहकाऱ्यांनी बजावलं होतं, की जवळचं आणि दूरचं एक मानू नका. घरातलं फंक्शन कोसळलं तर सहसा सगळा प्रोग्रामच थांबतो. दूरच्या हाकेला उत्तर आलं नाही, तर निरोप पोचलाच नाही की काम होऊन पोच हरवली, हे कळत नाही. हाक पैसे पाठवायची असेल तर? पुन्हा मारायची का?

बिरेल-नेल्सननी प्रत्येक हाकेला वेगळी ओळख दिली होती. तीच हाक पुन्हा आली तर सर्व्हर ती ओळखत असे. पैशांच्या अनेक सर्व्हिसेस आज विनंतीसोबत वेगळा क्रमांक घेतात, तो याचसाठी.