सॅन अँटोनियोचा कारखाना : उत्पादनाचे स्थलांतर आणि निष्ठेचा प्रश्न

स्वस्त मजुरीच्या शोधात उत्पादन परदेशी हलविणे म्हणजे ‘ऑफशोअरिंग’. या विषयावरील चर्चा बहुधा कॉल सेंटरपासून सुरू होते. वस्तुतः तयार कपड्यांच्या उद्योगाने हा मार्ग फार पूर्वीच चोखाळला होता. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एका कारखान्याच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

१८५३ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेल्या लेव्ही स्ट्रॉस कंपनीचा कामगारहितदक्ष म्हणून लौकिक होता. जानेवारी १९९० मध्ये तिने टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथील एक कारखाना बंद करून तेथील काम कोस्टारिकाकडे वळविण्याचे जाहीर केले. सुमारे १,१५० जणांचा रोजगार गेला. त्यांत बहुसंख्य मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया होत्या. ठरावीक शिवण वेगाने घालणे हे त्यांचे कौशल्य. कारखान्याबाहेर त्याला फारसे मोल नव्हते. ‘पुनर्प्रशिक्षण’ हा शब्द अर्थशास्त्राच्या ग्रंथांत जितक्या सहजतेने येतो, तितक्या सहजतेने तो अशा स्त्रीच्या आयुष्यात येत नाही.

या स्त्रियांनी ‘फुएर्सा उनिदा’ (संघटित शक्ती) ही संघटना स्थापून लेव्हीच्या मालावर बहिष्काराची हाक दिली. मालकाने पाठ फिरविल्यावर कामगाराने ग्राहकाकडे दाद मागावी, ही बाब लक्षणीय होय. तथापि, ग्राहक बधला नाही. १९९६ मध्ये कंपनीची विक्री ७.१ अब्ज डॉलर झाली. ग्राहकाची निष्ठा जीन्सवरील नावाशी होती, ती शिवणाऱ्या हातांशी नव्हती.

याच कंपनीने १९९१ मध्ये परदेशी कंत्राटदारांसाठी कामगारविषयक आचारसंहिता लागू केली. बहुराष्ट्रीय कंपन्यांत हा आरंभीचा प्रयत्न मानला जातो. त्यास निव्वळ ढोंग म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु काम ज्यांच्याकडे गेले त्यांना कसे वागवावे, एवढेच ती सांगत होती. काम ज्यांच्याकडून गेले त्यांच्याविषयी तीत काही नव्हते.

पुढे ग्राहकाने नावाशीही निष्ठा राखली नाही. इतरांच्या जीन्सनी बाजार व्यापला, तशी लेव्हीची विक्री २००३ पर्यंत ४.१ अब्ज डॉलरवर आली. दरम्यान, १९९९ मध्ये कंपनीने उत्तर अमेरिकेतील ११ कारखाने बंद करून सुमारे ५,९०० कामगारांना कमी करण्याचे जाहीर केले होते. अमेरिकेतील स्वतःच्या मालकीचे अखेरचे शिलाई कारखानेही तिने जानेवारी २००४ पर्यंत बंद केले, आणि तेही सॅन अँटोनियोतच. १९९० मध्ये काम गमावलेल्या स्त्रियांची संघटना मात्र टिकून राहिली व तिने त्याच शहरात शिवणकामाची सहकारी संस्था चालविली.