टाकी रिकामी करायची कुठे?

मंडळी, हौशी बोटींवरही संडास असतो, हे आपल्या डोक्यातच येत नाही! अमेरिकेत १९७२च्या स्वच्छ पाणी कायद्याखाली किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या आत कच्चा मैला सोडायला बंदी आली. लोकांनी बोटीत टाक्या बसवल्या. पण भरलेली टाकी उपसणारे पंप मरिनांमध्ये होते कितीसे? शेवटी १९९२च्या कायद्यात अमेरिकी संसदेनेच लिहून टाकलं, की पंप अपुरे आहेत म्हणून मैला पाण्यात जातोय. मग पंपांसाठी ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान सुरू झालं. पैसा मासेमारीच्या सामानावरच्या आणि बोटींच्या इंधनावरच्या करातून. बंदीचा कायदा आणि सोयीचा कायदा यांच्यात २० वर्षं गेली. आम्ही सॉफ्टवेअरवालेही असंच करतो: एरर दाखवतो, पुढे काय करायचं ते सांगतच नाही.