श्रावणमासची दक्षिणा व रसायनाचा विद्यार्थी

चाकणहून तळेगांवास जाणाऱ्या रस्त्यावर महाळुंगें हें गांव लागतें. आज त्याच्या भोंवतीं कारखान्यांची दाटी झाली असून रसायनाच्या पदवीधरास तेथें काम मिळतें. पदवीच्या वर्गांत रसायनांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास वार्षिक समारंभांत पदक अगर पारितोषिक देण्याची चाल आपल्या महाविद्यालयांत रूढ आहे. ती इंग्रजी विद्येबरोबर विलायतेहून आली, असा सामान्य समज आहे. आमच्या मतें तो अर्धाच खरा. या चालीचें एक मूळ त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकास, तळेगांवीं, सांपडतें.

सेनापति खंडेराव दाभाडे हे तळेगांवीं श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत असत. इ. स. १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडल्यावर हा धर्मादाय पेशव्यांनीं पुण्यास नेला, व पुढें पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत तो होऊं लागला. ही केवळ भिक्षा नव्हती. शास्त्र्यांपुढें परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणें रक्कम ठरे. रामशास्त्र्यांचे बंधु दक्षिणेस आले असतां नाना फडणीस त्यांस वीस रुपये देऊं लागले. तेव्हां शास्त्रीबोवांनीं, इतरांप्रमाणें दोनच द्यावे, भाऊ म्हणून द्यावयाचें तें आपण घरून देऊं, असें सांगितल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. परीक्षकानें आपपर पाहूं नये, ही जाणीव त्या काळीं होती, इतकें या आख्यायिकेवरून खास दिसतें. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत ती कितपत उरली, हा प्रश्न निराळा!

पेशवाई गेल्यावर इंग्रज सरकारनें दक्षिणेची रक्कम सालिना पन्नास हजारांवर आणली आणि तींतूनच इ. स. १८२१ त विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा उघडली. एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत दक्षिणेच्या यादींत नवीं नांवें दाखल करणें थांबलें. इ. स. १८४९ त लोकहितवादी प्रभृति पुणेकर मंडळींनीं अर्ज करून, शिल्लक पडणारा पैसा मराठी ग्रंथांकडे लावावा अशी मागणी केली. जुन्या मंडळींचा तीस कडवा विरोध झाला. तरी इ. स. १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली, व पुढें त्याच निधींतून महाविद्यालयांत दक्षिणा फेलो नेमले जाऊं लागले. न्या. रानडे यांस या फेलोशिपचे दरमहा प्रथम साठ व नंतर एकशेंवीस रुपये मिळत, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही दक्षिणा फेलोच. रमण्यांतील शास्त्री आणि कॉलेजांतील फेलो यांच्यामध्यें असा सरळ सांधा आहे.

या परंपरेंत रसायनास मात्र जागा फार उशिरां मिळाली. पाठशाळेंत वैद्यक शिकवीत. पारा व गंधक खलून कज्जली करणें आणि तीपासून रससिंदूर सिद्ध करणें हें वैद्यास ठाऊक असेच. परंतु तें वैद्यकाचें अंग. त्याची स्वतंत्र परीक्षा नव्हती. पुढें मुंबई विद्यापीठांत धनिकांनीं देणग्या दिल्या, त्यांतही संस्कृताचें पारडें जड राहिलें. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नांवची शिष्यवृत्ति संस्कृताची, भगवानदास पुरुषोत्तमदास यांचीही संस्कृताचीच. त्याहून नवल भाऊ दाजींचें. ग्रँट मेडिकल कॉलेजांतून इ. स. १८५१ त बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतील हे धन्वंतरी. वनौषधींवर प्रयोग करण्यांत त्यांनीं हयात वेंचिली. आणि त्यांच्या स्मरणार्थ पारितोषिक ठेवलें गेलें तें संस्कृतांत! देणगीदारांस आम्ही दोष देत नाहीं. समाजाची ज्या विद्येवर श्रद्धा तिकडे पैसा जातो. पण त्यामुळें रसायनाच्या विद्यार्थ्याचा गौरव दोन पिढ्या मागें पडला, हें सांगितलेंच पाहिजे.

दरम्यान रसायनाचा अभ्यास थांबला नव्हता. हरि केशवजी यांनीं इ. स. १८३७ तच त्या विषयावरील संवाद मराठींत आणले होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतील प्रो. बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) यांस आमचे वाचक कोल्हापूरच्या व दक्षिणेंतील मुसलमानी राज्यांच्या इतिहासाचे कर्ते म्हणून ओळखतात. पण त्यांनीं रसायनावर मराठींत ग्रंथ लिहून विद्यार्थ्यांची मोठी सोय केली. लोकांत रसायनज्ञाचा बोलबाला झाला तो मात्र भलत्याच कारणानें. चिंचवडच्या चापेकरांनीं इ. स. १८९६ त मुंबईंतील राणीच्या पुतळ्यास डांबर फांसलें, तें प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनीं काढून दाखविलें, म्हणून!

संग्राहकांस एक विनंति. रसग्रंथांच्या पोथ्या आपण जपतां. आनंदाश्रमानें ‘रसरत्नसमुच्चय’ इ. स. १८९० त छापला तो पोथ्या जपल्या गेल्या म्हणूनच. परंतु कॉलेजांत बक्षीस मिळालेलें रसायनाचें इंग्रजी पुस्तक रद्दींत दिसलें, तर तें कोणी उचलीत नाहीं. अशा पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या आंत चिठ्ठी डकवलेली असते. तीवर विद्यार्थ्याचें नांव, वर्ग, विषय, साल व प्राचार्यांची सही असते. पुष्कळदां पुठ्ठाबांधणी करणारा ती पहिल्यानें फाडून टाकतो. पुस्तक बांधावयास देण्यापूर्वीं तिची नक्कल करून ठेवावी.