कारखान्याचं सांडपाणी: आधी ऊन, मग जिवाणू
टाकवे बुद्रुकच्या पुलाखालून जाणारी इंद्रायणी पुढे देहू-आळंदीला पोहोचते. त्यामुळे वरच्या अंगाला कारखाने काय सोडतात, हा प्रश्न एकट्या मावळाचा नाही. नदीत सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा आहे बीओडी 30 आणि सीओडी 250 मिलिग्रॅम प्रतिलिटर.

जिवाणू साखर, स्टार्च आरामात खातात. रंग, औषधं, कीटकनाशकं मात्र त्यांना सहसा पचत नाहीत. बीओडी भागिले सीओडी 0.3 च्या खाली गेलं, की नुसती जैविक टाकी पुरत नाही.

मग आधी सोलर फोटो-फेंटन. पाण्याचा पीएच 3 च्या आसपास आणायचा, थोडं लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचं आणि काचेच्या नळ्यांतून उन्हात फिरवायचं. तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल मोठे रेणू तोडतात. पूर्ण तोडत बसायचं नाही, पेरॉक्साइड महाग पडतं! जिवाणूंना पचेल इतकं झालं की थांबायचं, पीएच 7 च्या जवळ आणायचा, उरलेलं पेरॉक्साइड काढायचं (नाहीतर तेच जिवाणूंना मारेल) आणि पाणी जैविक टाकीत.

स्पेनमधल्या आल्मेरियाच्या सौर केंद्रात यावर बरंच काम झालंय. पण तिथं रखरखीत ऊन. मावळात जून ते सप्टेंबर ढगच ढग, म्हणजे यूव्ही दिव्यांची सोय हवीच. शिवाय लोहाचा गाळ उरतो, त्याची विल्हेवाट वेगळी.