परदेशचा पैसा आणि किल्ली कोणाकडे

आज हप्त्यांचा हिशोब नाही. आज आम्ही थोडा मागचा काळ सांगणार आहोत, कारण आमच्या गटातल्या एका ताईंची अडचण समजून घ्यायला तो लागतो.

आपल्या भिवंडीतून पैसा बाहेर जातो तसा बाहेरून येतोही. यंत्रमागावरचे कामगार उत्तर प्रदेशात, तेलंगणात आपापल्या गावी पैसे पाठवतात. आणि आपल्याच तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल दुबई, कुवेत, सौदी, मस्कतच्या पगारावर पेटते. कोकणी मुसलमानांच्या गावांत तर घरटी एक माणूस तिकडे, असेही दिवस होते.

हे नाते तेलाच्या आधीचे आहे. मस्कतमध्ये 1864 साली आणि दुबईत 1909 साली पोस्ट ऑफिस उघडले, ते हिंदुस्थानच्या टपाल खात्याचे. तिकिटेही आपलीच. आखातात आपला रुपयाच चालायचा. सोन्याची चोरटी आयात वाढली म्हणून 1959 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा छापल्या. कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार काढला, आणि 1966 मध्ये रुपयाची किंमत घसरली तेव्हा दुबई, कतारनेही आपल्या रुपयाला रामराम केला. आज आपण दिरहमचा भाव विचारत बसतो, तिथे एकेकाळी आपलाच रुपया खुळखुळत होता!

1973 नंतर तेलाचे भाव चढले, तिकडे बांधकामे निघाली आणि आपली माणसे मोठ्या संख्येने गेली. पत्राला आठवडे लागत. कोणी कॅसेटमध्ये बोलणे भरून गावी येणाऱ्या माणसाबरोबर पाठवी. घरचे सगळे टेपभोवती बसून ऐकत. नवराबायकोचे खासगी बोलणे त्यात कसे यायचे? फोन असलाच तर शेजारच्या दुकानात, त्याला पीपी नंबर म्हणत. ट्रंक कॉल आला की पोरगा धावत बोलवायला यायचा. पुढे पिवळ्या पाटीचे एसटीडी-आयएसडी बूथ आले, तिथे बोलताना लक्ष मीटरच्या आकड्यांवर.

आणि पैसा? परदेशात राहणाऱ्यांसाठीचे एनआरई खाते 1970 पासून आहे. पण खाते त्याचे, सही त्याची. पासबुक तेवढे हिच्या ट्रंकेत. ड्राफ्ट यायचा तो बहुधा सासऱ्यांच्या नाहीतर दिरांच्या नावाने. घर चालवणारीने हात पसरून मागायचे.

2 ऑगस्ट 1990 ला इराकचे सैन्य कुवेतमध्ये घुसले आणि परदेशी फोन बंद पडले. तिथल्या बँकेतली शिल्लक हाती येईना, दिनाराचे मोल उतरले. आपली माणसे वाळवंटातून जॉर्डनला पोचली. तिथून एअर इंडियाने सुमारे दोन महिन्यांत एक लाखाहून जास्त लोक परत आणले. कित्येक जण अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. इकडच्या बायकांना कित्येक दिवस माणूस जिवंत आहे की नाही हेही कळत नव्हते, आणि पैसे काढायला सही त्याचीच लागत होती. आमच्या मते या गोष्टीचा हा भाग फार कमी सांगितला जातो.

1992 पासून नाबार्डने बचत गट बँकेला जोडले, तेव्हा कुठे आपल्यासारख्या पुष्कळ जणींनी पहिल्यांदा बँकेची पायरी चढली. 2001 मध्ये पोस्टात वेस्टर्न युनियनची सेवा सुरू झाली. तो फोनवर एक नंबर सांगायचा, ही ओळखपत्र घेऊन जायची, अंगठा किंवा सही करून पैसे घ्यायची. कागदावर नाव हिचे! आम्हाला ही गोष्ट मोबाईलपेक्षा मोठी वाटते.

कारण मोबाईल आला आणि किल्ली पुन्हा त्याच्या खिशात गेली. आता सही नाही, ओटीपी लागतो. आमच्या गटातल्या ताईंचे पती ओमानला आहेत. त्यांनी तिथले सिम घेतले, इकडचे तसेच पडू दिले. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरलेच नाही आणि शिल्लकही नसली तर कंपनी ते बंद करू शकते, आणि पुढे तो नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. मुलीची फी भरायच्या दिवशी खात्यात पैसे होते, ओटीपी मात्र कोणाच्या हाती जात होता देव जाणे. बँकेने सांगितले, नंबर बदलायला खातेदाराने स्वतः यावे. ताईंनी कर्णफुले गहाण ठेवून फी भरली.

म्हणून माणूस निघण्याआधी इकडचे सिम रोमिंगवर चालेल का ते विचारून घ्या आणि थोडा रिचार्ज चालू ठेवा. परदेशी नोकरीला जाणाऱ्याने साधे बचत खाते एनआरओ करून घ्यावे लागते, तो नियमच आहे. जानेवारी 2023 मध्ये ओमान, सौदी, अमिराती, कतार अशा दहा देशांतल्या नंबरवर यूपीआयला परवानगी मिळाली, पण त्यासाठी एनआरई किंवा एनआरओ खातेच हवे. एनआरई खात्यात बायकोचे नाव जोडले तरी तो हयात असेतो तिला मुखत्यारपत्राशिवाय पैसे काढता येत नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसते. फोनवर ओटीपी विचारून काम भागवणाऱ्याही आहेत. तसे करू नका, त्याच वाटेने चोर येतात. (दुबईत व्हॉट्सअॅपचा कॉल लागत नाही, तो तिथला नियम आहे. माणूस रुसला असे समजू नका.)

घरखर्चाचा पैसा सरळ तिच्या स्वतःच्या खात्यात यावा आणि त्या खात्याला तिचाच नंबर असावा, असे आम्ही ताईंना सुचवले. त्यांचे खाते होतेच, गटाच्या कर्जाच्या वेळी काढलेले. नंबर मात्र दिराचा निघाला. सोमवारी आम्ही दोघी बँकेत जाऊन तो बदलून आलो.